रोलातला बारावा फोटो

कल्याणच्या इतिहासात १८५४ हे साल मोठं मानतात. १ मे १८५४ ला आगगाडी ठाण्याच्या पुढे येऊन कल्याणला पोचली. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. गाडी आणि फोटो ही दोन्ही नवलाची यंत्रं अशी एकाच साली आमच्या दाराशी आली म्हणायची. पण मुंबई ते कल्याण हे ३३ मैल गाडीने काही तासांत तोडले. फोटोला मात्र कल्याणहून पुढे विठ्ठलवाडी ओलांडून मलंगगडाच्या रस्त्यावरच्या आमच्या गावांत यायला शंभर वर्षं लागली. मी त्या शेवटच्या चार-पाच मैलांचा माणूस. त्या चार-पाच मैलांचा इतिहास कुठे लिहिलेला नाही, म्हणून मी लिहितो.

मी मूळचा शेतकरी. चैत्र-वैशाखात राब भाजायचा, मृगात पेरायचं, आषाढात आवणी आणि दिवाळीच्या आगेमागे कापणी-झोडणी. दहावीची परीक्षा महाराष्ट्रात पहिल्यांदा झाली ती १९७५ साली, त्याआधी अकरावीची मॅट्रिक असायची. त्या पहिल्या दहावीच्या बॅचमधला मी. पास झालो, पण पुढे शिकायला घरात पैसा नव्हता. मग विठ्ठलवाडी स्टेशनातून कॅम्पाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका सिंधी गृहस्थाच्या फोटोस्टुडिओत पडेल ते काम करायला लागलो. पुढे स्वतःचा कॅमेरा घेतला. तीस वर्षं पावसाळ्यात भात आणि तुळशीच्या लग्नापासून मृगापर्यंत फोटो, असा धंदा केला.

आधी थोडं जुनं सांगतो, म्हणजे धंद्याची मुळं कळतील.

फोटोची युक्ती पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाली. पंधरा-वीस वर्षांत मुंबईत आपली माणसं त्यात तयार झाली. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे भाऊ नारायण दाजी हे डॉक्टर, आणि फोटोही काढीत. हरिचंद चिंतामण यांनी तर मुंबईत फोटोचा धंदाच थाटला. पैसे घेऊन फोटो काढून देणाऱ्या आपल्याकडच्या पहिल्या काही माणसांत त्यांचं नाव येतं. पण गिऱ्हाईक कोण? राजे, शेटजी, वकील, साहेब. गरिबाचा फोटो काढलाच तर तो गरिबाला देण्यासाठी नसायचा. विल्यम जॉन्सन नावाच्या साहेबाने मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचं दोन भागांचं पुस्तक काढलं, १८६३ आणि १८६६ साली. त्यात माणसांचे फोटो एकीकडे काढलेले आणि मागची इमारत नाहीतर देखावा दुसरीकडचा, असे दोन्ही जोडलेले आहेत. म्हणजे फोटो कापून जोडायची कला मोबाईलवाल्यांनी शोधलेली नाही. ती आम्हीही करीत होतो. ते पुढे सांगेन.

आमच्या अगदी शेजारी अंबरनाथला शिलाहारांचं १०६० सालचं शिवालय आहे. १८६८ च्या सुमारास सरकारच्या हुकमाने मुंबईच्या कलाशाळेची मंडळी तिथे आली. त्यांनी कोरीव कामाचे साचे घेतले, चित्रं काढली, फोटोही काढले. देवळाचा दगड कागदावर उतरला. त्या देवळाभोवती गुडघाभर चिखलात भात लावणाऱ्यांचे चेहरे उतरवावेत असं कुणाला वाटलं नसावं.

आता बाईमाणसाचं पाहा. कल्याणात ३१ मार्च १८६५ ला जन्मलेली मुलगी, आपली पहिली बाई डॉक्टर, आनंदीबाई जोशी. तिचा एक फोटो जगभर प्रसिद्ध आहे. तिघी जणी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्यात, एक आपली आनंदीबाई, एक जपानची आणि एक सिरियाची. तो फोटो १८८५ च्या ऑक्टोबरातला, अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजातला. पुढे सव्वा वर्षात ती पुण्यात वारली, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. कल्याणच्या मुलीचा चेहरा तिच्यामागे असा राहिला, पण त्यासाठी तिला सातासमुद्रापार जावं लागलं. तिच्याच वयाच्या आमच्या गावातल्या पोरी कशा दिसत होत्या ते आता कुणी सांगू शकत नाही. माझ्या पणजीचं नाव सातबारावर नव्हतं, आणि तोंड भिंतीवर नव्हतं.

गावात फोटोची भीतीही होती. तो काळा डबा माणसाचं आयुष्य ओढून घेतो असं म्हातारी माणसं मानीत. हे आमचंच अडाणीपण असं समजू नका. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी फोटोचा धंदा करीत होते. गोध्र्यात त्यांचा स्टुडिओ होता, तिथे प्लेगमध्ये त्यांची पहिली पत्नी आणि मूल गेलं. पुढे बडोद्यात त्यांनी धंदा मांडला तेव्हा कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो अशी अफवा उठली आणि गिऱ्हाईक फिरकेना, असं सांगतात. ज्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखवला त्यांना जर हे सोसावं लागलं, तर मलंगरोडला साठ वर्षांनी एखादी म्हातारी पदर तोंडावर घेऊन मला "नको बाला, माजा नको काढू" म्हणाली, तर तिला नावं का ठेवायची?

मग आमच्याकडे फोटो आला कसा? तो लढाई आणि फाळणीमुळे आला. दुसऱ्या महायुद्धात कल्याणच्या कडेला लष्कराचा मोठा कॅम्प बसला. लढाई संपली, गोरे गेले, बराकी ओस पडल्या. त्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित ठेवले. सुमारे लाखभर माणसं. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं. आमची म्हातारी माणसं मात्र अखेरपर्यंत 'कॅम्प'च म्हणत. घरदार सोडून आलेला माणूस हाताला लागेल तो धंदा करतो. कुणी पापड लाटले, कुणी पँटी शिवल्या, कुणी फोटोस्टुडिओ काढले. शहाड, अंबरनाथकडे कारखाने आले. कारखान्यात लागायचं तर ओळखपत्राला फोटो लागे. पुढे आखाती देशांची वारी सुरू झाली, तेव्हा पासपोर्टला फोटो. आमच्या गावातल्या पुरुषांनी आयुष्यातला पहिला फोटो असा नोकरीसाठी काढला. त्याला 'तीन कॉपी' म्हणत. दोन कागदाला लागायच्या आणि एक घरी उरायची. कितीतरी घरांत बापाचा फोटो म्हणून जो आहे तो त्या उरलेल्या तिसऱ्या कॉपीचा मोठा केलेला आहे.

आमच्या मालकांना सगळे 'साईं' म्हणत, मीही म्हणे. त्यांनी मला पहिले चार महिने कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. पाणी भरणं, ट्रे धुणं, पडदा सोडणं. पडद्यावर बाग रंगवलेली होती, कारंजं होतं. दुसरा पडदा ताजमहालाचा. मलंगगडाच्या माघी पौर्णिमेच्या जत्रेला आणि म्हशाच्या पौषातल्या यात्रेला आम्ही तो ताजमहाल गुंडाळून बरोबर न्यायचो. बैल विकायला आलेला शेतकरी पागोटं नीट करून ताजमहालापुढे उभा राहायचा.

डार्करूमचं काम मी मन लावून शिकलो, कारण ते शेतीसारखंच होतं. वेळ, पाणी आणि हवा यांच्याशी गाठ. फिल्म डेव्हलपरात वीस अंश उष्णतेला घालावी असं पुस्तकात होतं. विठ्ठलवाडीच्या मे महिन्यात पत्र्याखाली वीस अंश कुठून आणणार? पाणी गरम असलं की फिल्मवरचा जिलेटिनचा थर नरम पडून सुटायला लागतो, आणि मग नवऱ्याचं नाक गळतं. म्हणून बर्फाची लादी आणून घमेल्यात फोडायची आणि त्यात डेव्हलपरची बाटली ठेवायची. डेव्हलपरनंतर हायपो आणि हायपोनंतर धुणं. धुण्यात कंजुषी केली तर आज फोटो झकास दिसतो आणि पाच-दहा वर्षांनी पिवळा पडतो. साईं म्हणायचे, "गिऱ्हाईक आज पैसे देतं, शिव्या दहा वर्षांनी देतं." मी विहिरीचं पाणी ओढून ओढून फोटो धुतले. ते अजून भिंतीवर काळे-पांढरे शाबूत आहेत.

आता लग्नाचं. आमच्याकडे यशिका कॅमेरा होता, वरून खाली बघायचा. त्यात डावं-उजवं उलट दिसे. एकशेवीसच्या रोलात बारा फोटो. रोलची किंमत मजुराच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीइतकी. परदेशी फिल्म महाग आणि दुर्मिळ. पूर्व जर्मनीची ओरवो किंवा उटीच्या सरकारी कारखान्याची इंदू, जी मिळेल ती. त्यामुळे साधारण घरचं लग्न म्हणजे दोन रोल, चोवीस फोटो. अख्खं लग्न चोवीस फोटोंत बसवायचं! हळद दोन, मांडव एक, नवरा घोड्यावर एक, हार दोन, मंगळसूत्र एक, मग वरमाई, करवल्या, मामा, पाहुणे. आमच्या आगरी लग्नात धवलारीण असते. ती धवले गाऊन लग्न लावते, भटजी नसला तरी लग्न अडत नाही. तिचा एक फोटो मी घेईच. आज पोरं एका हळदीत हजार फोटो काढतात. मी चोवीसच काढायचो, म्हणून प्रत्येक वेळी बटण दाबण्याआधी विचार करायला लागे की यातलं काय राहायला पाहिजे.

पण खरी गोष्ट चोवीसाव्या फोटोची, म्हणजे दुसऱ्या रोलातल्या बाराव्याची आहे. पाठवणी झाली की गिऱ्हाइकाचं काम संपे. पुष्कळदा रोलात एक-दोन फोटो उरलेले असत. अर्धा रोल धुता येत नाही आणि दुसऱ्या लग्नासाठी ठेवला तर हिशेबाचा घोळ होतो. तेव्हा तो संपवायचा. मग जो समोर दिसेल त्याचा काढायचा. मांडवामागे चुलवणावर भात शिजवणाऱ्या बायका, राखेने भांडी घासणारी विधवा आत्या, जी शुभकार्यात पुढे आली नाही, ढोल बाजूला ठेवून विडी ओढणारा वाजंत्री, पोराला पाजत बसलेली कातकरीण. त्यांचा फोटो कुणी सांगितलेला नसे, कुणी विकत घेत नसे. निगेटिव्ह मात्र मी रजिस्टरात नोंदवून ठेवी. तारीख, गाव, कुणाचं लग्न, रोल नंबर. साईंची ती शिस्त होती.

आणि वर्षं गेली तशी गंमत अशी झाली की गिऱ्हाईक परत आलं ते त्याच फोटोंसाठी. नवरा-नवरीचे फोटो घरात होतेच. एखादा माणूस डोकं भादरलेला, दहाव्याच्या आधी दुकानात यायचा. "आमची आय गेली. फोटो नाय एकपन. तुमी आमच्या तात्याच्या लग्नान आल्तेव, त्यान कुठं हाय का बघा." मग रजिस्टर काढायचं, निगेटिव्ह दिव्यापुढे धरायची. चुलीच्या धुरात तिसरी बसलेली असायची आई. अंगठ्याच्या नखाएवढं तोंड. ते एनलार्जरवर मोठं करायचं, धूर ब्रशने काढायचा, डोळ्यांना पेन्सिलीने टचिंग करायचं, कपाळी कुंकू लावायचं की नाही ते घरच्यांना विचारायचं. पदर नीट नसेल तर दुसऱ्या फोटोतला पदर कापून जोडायचा. जॉन्सन साहेबाने मागचे देखावे बदलले, आम्ही पदर बदलले. तो फोटो चौकटीत घालून दिला की माणूस तिथेच उभ्याउभ्या रडायचा. मी पैसे नंतर मागायचो.

जिथे काहीच सापडत नसे तिथे मयताच्या घरी बोलावणं येई. भिंतीला टेकवून बसवलेल्या मयताचा फोटो मी पेट्रोमॅक्सच्या उजेडात काढलाय. ते काम कुणाला आवडत नाही. पण मी कधी नाही म्हटलं नाही. अर्ध्या तासाने तो चेहरा या जगात कुठेच राहणार नसतो.

निगेटिव्ह हा निव्वळ आठवणीचा मामला नाही, हे मला कोर्टाने शिकवलं. शेजारच्या गावातल्या एका बाईचं लग्न १९७९ साली झालं. ते धवलारणीने लावलेलं, कुठे नोंद नाही. नवरा मेला. पुढे जमिनीला भाव आला आणि मोबदल्याच्या वाटपात सासरची माणसं म्हणाली, ही लग्नाची बायकोच नव्हे. तिचा लग्नाचा अल्बम होता, पण २६ जुलै २००५ च्या पुरात घरात छातीभर पाणी आलं आणि त्याचा लगदा झाला. ती शोधत शोधत माझ्या घरी आली. म्हणाली, "दादा, तुमीच आल्ते ना माझ्या लग्नान?" मी रजिस्टर काढलं. रोल सापडला. दोन्ही सापडले.

मी कल्याणच्या कोर्टात साक्षीला उभा राहिलो. तोवर मला ठाऊक नव्हतं की फोटो पुरावा म्हणून धरायचा तर तो काढणारा माणूस आणि निगेटिव्ह दोन्ही हजर असलेली बरी. समोरच्या वकिलांनी विचारलं, तारीख कशावरून? मी रजिस्टर दाखवलं. मागचं लग्न, पुढचं लग्न, मधे हे. फोटो जोडलेला नाही कशावरून? मी सांगितलं, जोडकाम मी स्वतः करतो, ते कागदावर करतात आणि मग त्याचा फोटो घेतात. ही सलग पट्टी आहे, बारा फोटो एकापाठोपाठ एक, मधे कात्री नाही. आणि बाराव्या फोटोत पंगत वाढून दमलेला, हातात भाताचं भांडं घेतलेला जो पोरगेला दीर उभा होता, तोच आता लग्न झालं नाही म्हणत समोर बसलेला होता. तो फोटो त्याने तेव्हा पाहिलाही नव्हता, कारण अल्बमात तो नव्हताच. पुढच्या दोन तारखांत तडजोड झाली. बाईला तिचा हिस्सा मिळाला.

धंदा मात्र बदलत गेला. १९८२ च्या आशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला आणि काळा-पांढरा फोटो लोकांना जुनाट वाटू लागला. पस्तीस एमएमचा कॅमेरा, छत्तीस फोटोंचा रंगीत रोल. तो आपल्याला धुता येईना, लॅबला द्यायचा. डार्करूममध्ये मी भाताचं बियाणं ठेवू लागलो. त्या काळातले रंगीत फोटो आज पाहा, पुष्कळसे तांबूस होऊन विटलेत. १९९३ साली निवडणूक आयुक्त शेषन यांनी मतदारांना फोटोचं ओळखपत्र द्यायचा हुकूम काढला. मग शाळेच्या पडवीत रांगा लागल्या. अठरा वर्षांवरच्या प्रत्येक बाईचा फोटो निघाला, तो सरकारी कामासाठी का होईना. फोटो वाईट होते, लोक हसायचे, पण माझ्या मते आमच्या गावच्या बायकांच्या इतिहासात तो मोठा दिवस होता. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबारच्या टेंभली गावातून आधार सुरू झालं, त्यात फोटो कॉम्प्युटरच काढू लागला. मोबाईल आले. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीने दिवाळं जाहीर केलं, तोवर विठ्ठलवाडीच्या रस्त्यावर स्टुडिओच्या जागी झेरॉक्सची आणि रिचार्जची दुकानं झाली होती. फोटो काढणारे वाढले, फोटो काढून पोट भरणारा संपला. मला त्याचं फार दुःख नाही. बैलही गेले, ट्रॅक्टर आले.

दुःख वेगळंच आहे. फिल्मवर चांदी असते. हायपोचं वापरलेलं पाणी आणि जुन्या निगेटिव्ह विकत घेणारे फिरायचे, अजूनही एक्स-रेच्या फिल्मसाठी फिरतात. त्याहून जुन्या काचेच्या निगेटिव्ह तर धुऊन काच म्हणून वापरल्या गेल्या. स्टुडिओ बंद झाला की पोरं जागा रिकामी करताना पहिल्यांदा निगेटिव्हच भंगारात देतात. किलोवर. एका किलोत किती गावं जातात याचा कुणी हिशेब केलाय का? ज्या गावांची लग्नं त्या फिल्मवर होती, त्यातल्या कित्येक ठिकाणी आता शेत नाही, मांडव घालायला अंगण नाही, वीस मजली इमारती आहेत. तिथली चूल, ते चुलवण, तो मांडवाचा उंबराचा टाळा फक्त त्या फिल्मवर होता. मोबाईलमध्ये सगळं राहतं म्हणतात. मोबाईल पाण्यात पडला की कळतं काय राहतं ते. आणि त्यातला फोटो कोर्टात द्यायचा तर त्यालाही आता वेगळं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

माझ्याकडे सहा पत्र्याच्या पेट्या आहेत. कोकणपट्टीच्या पावसात फिल्मला बुरशी धरते, म्हणून पेटीत फडक्यात बांधलेले कळीच्या चुन्याचे खडे ठेवतो, ते ओल ओढतात. दरवर्षी दिवाळीनंतर भात झोडून झालं की खडे बदलतो आणि एकेक पाकीट सावलीत वाऱ्याला धरतो. नातू हल्ली त्या निगेटिव्ह मशीनवर घालून कॉम्प्युटरात घेतोय. मी त्याला सांगितलंय की नवरा-नवरी राहू दे, आधी शेवटचे फोटो घे. त्यातली किती माणसं मला ओळखता येतात तेवढी मी नावं सांगतो, तो लिहितो. मी गेल्यावर ती नावं सांगणारं कुणी नाही.

विठ्ठलवाडीपासून मलंगगडाच्या पायथ्यापर्यंत १९७६ ते २००५ या काळात तुमच्या घरी लग्न झालं असेल आणि तुमच्या आजीचा, आत्याचा, मोलकरणीचा फोटो तुमच्याकडे नसेल, तर या. गाव आणि साल सांगा. रजिस्टर जाग्यावर आहे.